एका सुईची भावंडं

सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी कान तपासायच्या बूथमध्ये स्वतः बसून मशीन तपासायचं, हा तिचा बावीस वर्षांचा नेम होता. कंपनीचा माणूस वर्षातून एकदा येऊन सगळं ठीक असल्याचं कागदावर लिहून द्यायचा, पण तिचा कागदापेक्षा कानावर भरवसा. जाड गाद्या ठोकलेल्या त्या कपाटाएवढ्या खोलीत शिरून तिने दार ओढून घेतलं, हेडफोन चढवले आणि नेहमीप्रमाणे आधी नुसती शांतता ऐकली. बाहेरचं सगळं बंद झालं की आतलं सुरू होतं. लाळ गिळल्याचा आवाज, मानेची बारीक कुरकुर, आणि या सगळ्याच्या खाली, तळघरात कुणीतरी संथपणे येरझारा घालत असावं तसे ठोके. इतक्या वर्षांत तिला त्यांची सवय झाली होती, घरातल्या घड्याळाची होते तशी. त्या दिवशी ते चालणारं पाऊल मध्येच थांबलं. काहीच नाही. मग घाईघाईने दोन ठोके, कुणी ठेचकाळून सावरावं तसे. ती तशीच बसून राहिली. पेशंटला ती दिवसातून वीस वेळा सांगायची, आवाज आला की बटण दाबा, शंका आली तरी दाबा, इथे कुणी मार्क कापत नाही. तिच्या हातात तेच बटण होतं, आणि ठोका चुकला की तिचा अंगठा आपोआप दाबला जात होता. बाहेर मशीनवर दिवा लागत असणार. बघायला कुणी नव्हतं. पाच मिनिटांत तिने अकरा वेळा बटण दाबलं.

बाहेर आली तर पहिला पेशंट बसलेला. एक म्हातारे बेकरीवाले आणि त्यांची बायको. "ह्यांना माझा आवाज सोडून सगळं ऐकू येतं," बायको म्हणाली. तिने हसून त्यांना आत बसवलं, आलेख काढला, उजवा कान लाल, डावा निळा. हात चालत होते. मन मात्र त्या थांबलेल्या पावलाशीच उभं होतं. माणूस स्वतःच्या आत एकटा असतो असं आपण समजतो, आणि एक दिवस लक्षात येतं की आत कुणीतरी काम करतंय, रात्रंदिवस, आणि आपण त्याची कधी विचारपूसही केलेली नाही.

विचारपूस करायला तरी तिने तीन आठवडे घेतले. दवाखान्याचे दोन जिने चढताना मधल्या वळणावर थांबावं लागू लागलं, तेव्हा ती खिडकीतून रस्ता बघत असल्याचं नाटक करायची. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायावर खोल उमटलेला दिसायचा. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. नकाशातली रेघ एक मिलिमीटर सरकली तरी त्याला कळायची, पण बायकोच्या बाबतीत तो बोलायला वेळ लावायचा. एका रविवारी त्याने तिच्या घोट्यावर अंगठा दाबला, उचलला, आणि तिथे पडलेला खड्डा हळूहळू भरताना बघत राहिला. "हे सरोवर कधीपासून आहे?" त्याने विचारलं. ती हसायला लागली आणि हसता हसता धाप लागली. मग मात्र त्याने डॉक्टरची वेळ घेतली.

हृदयाची डॉक्टर तिशीतली, आखूड केसांची, भरभर बोलणारी. काळोख्या खोलीत तिने छातीवर गार जेल लावलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. करड्या रंगात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. "हे तुम्ही," डॉक्टर म्हणाली. तिला वाटलं, ही मी? इतकी थकलेली? "दर ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर फेकलं जायला हवं. तुमचं चाळीस टक्केच जातंय. रक्तवाहिन्यांमध्ये मोठा अडथळा दिसत नाही, पण स्नायू दमलाय आणि ठोके भरकटतायत. का, ते शोधायचं." ठोक्यांसाठी एक गोळी सुरू झाली, पाणी उतरायला दुसरी, आणि रक्त तपासायला गेलं.

दोन दिवसांनी रक्ताचे आकडे आले तेव्हा डॉक्टरच्या हाताखालचा एक शिकाऊ डॉक्टर कागद भरायला बसला होता. "दारू?" त्याने वर न बघता विचारलं.

"नाही."

"कधीमधी? पार्टीबिर्टी?"

"नाही."

"इथे कुणी रागावत नाही हो. लिव्हरचे आकडे वाढलेत, म्हणून विचारतोय."

"नाही म्हटलं ना."

त्याने मान हलवली आणि लिहिलं. तिला उलट्या बाजूचं अक्षर वाचता यायचं. टेबलापलीकडच्या फायली वाचून वाचून ती सवय लागली होती. त्याने 'नाही' लिहिलं नव्हतं. 'नाही म्हणतात' असं लिहिलं होतं.

त्या एका शब्दाने तिच्या तोंडात मारल्यासारखं झालं. राग यायला हवा होता, पण राग येण्याआधी एक आवाज आला, अकरा वर्षांत न ऐकलेला, जरासा ओढल्यासारखा, जीभ जड झालेला: "मी पीत नाही ग, पिटू." पिटू म्हणजे ती. पिटुकलीचं पिटू. तिला त्या नावाने हाक मारणारा एकच माणूस जगात होता, आणि त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा. लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या गच्चीवरच्या खोल्या, तिथली ग्रीस लावलेली चाकं, जाड तारा, हे त्याचं जग. लोक बटण दाबतात आणि वर जातात. आपल्या वर कुणीतरी हात काळे करून बसलंय हे त्यांच्या गावीही नसतं, असं तो म्हणायचा, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे, उलट गंमत वाटे. चाळिशीत तो बिघडू लागला, म्हणजे असं घरातले म्हणू लागले. डोळे पिवळट-लाल. हात थरथरायचे. बोलता बोलता वाक्य हातातून सुटायचं. एक दिवस तो मशीनच्या खोलीत पडलेला सापडला, आणि ज्याने उचललं त्याने सांगितलं, तोंडाला वास येत होता. कंपनीने घरी बसवलं. पोट फुगलं, पाय सुजले. पोट फुगलेल्या माणसाला लिव्हरचा आजार, आणि लिव्हरचा आजार म्हणजे दारू: हे गणित सगळ्यांना इतकं पाठ होतं की करून बघायची गरज कुणाला वाटली नाही. तो म्हणायचा, मी पीत नाही. सगळे मान हलवायचे. तीसुद्धा. आत्ता त्या पोराने हलवली अगदी तशीच. शेवटी एका दुपारी त्याचं हृदय थांबलं, आणि त्या दिवशी घरी जमलेल्या लोकांत कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती म्हणाली होती, "आपल्या हाताने ओढवून घेतलं त्याने." मोठ्याने नाही. पण स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती, आणि तिने ते ऐकलं होतं. त्यानंतर वहिनीकडे जाणं हळूहळू बंद झालं. भांडण नाही, काही नाही. नुसतं बंद.

आणखी रक्त गेलं आणि आठवड्याने हृदयाच्या डॉक्टरने तिला पुन्हा बोलावलं. या वेळी ती भरभर बोलत नव्हती. "हिपॅटायटिस सी," ती म्हणाली. "विषाणू आहे. लिव्हरमध्ये राहतो. तुमच्या अंगात बहुतेक कित्येक वर्षं आहे."

"मी तर हृदयासाठी आले होते."

"हो ना. पण तो लिव्हरमध्ये राहतो म्हणजे तिथेच गप्प बसतो असं नाही. वर्षानुवर्षं तिथे जळजळ चालू राहिली की ती रक्तातून सगळीकडे पोचते. रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं, साखर बिघडते, काहींच्या हृदयाचा स्नायूही कमजोर होतो. हा विषाणू असलेल्यांना हृदयाचे त्रास जास्त होतात, हे दिसून आलंय. तुमचं सगळं त्यानेच झालं असं मात्र मी छातीठोक सांगणार नाही." आणि आपण काय शब्द वापरला हे लक्षात येऊन ती जराशी हसली. "चांगली गोष्ट ही की याला औषध आहे. बरा होतो. पूर्ण."

पूर्ण हा शब्द तिला ऐकू आला नाही. ऐकू आलं ते फक्त विषाणू. बसमधून घरी येताना तिने दांड्याला धरलेला हात काढून घेतला, मग पुन्हा ठेवला, मग रुमालाने दांडा पुसला. शेजारी एक बाई मुलाच्या तोंडाला लागलेला बिस्किटाचा चुरा झटकत होती. तिला वाटलं, हिला माहीत असतं तर ती उठून गेली असती. बावीस वर्षांत किती कानांना हात लावला. घरात तिने स्वतःचा टूथब्रश उचलून खिडकीत वेगळ्या पेल्यात ठेवला. नवऱ्याने तो बघितला आणि दवाखान्यातून मिळालेलं माहितीपत्रक घेऊन बसला. तीन वेळा वाचलं. लाल पेनने त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मग म्हणाला, "शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. रक्तातून रक्तात जातो. ब्रश आणि वस्तरा मात्र वेगळा, एवढंच. पण त्यासाठी ब्रशला खिडकीत वनवासाला पाठवायचं कारण नाही." आणि त्याने तो आत आणून न्हाणीघरातल्या दुसऱ्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचं रक्त देऊन आला. त्याच्यात काही नव्हतं. ते कळलं त्या संध्याकाळी ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

लिव्हरचे डॉक्टर म्हातारे, पोट सुटलेले, बोलताना चष्मा कपाळावर सरकवायचे. त्यांनी पोटावर मशीन टेकवून टकटक केली आणि लिव्हर जरा ताठ झालंय पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही असं सांगितलं. मग चौकशी. कधी रक्त चढवलंय? नाही. ऑपरेशन? नाही. गोंदण? नाही. "मग लहानपणी," ते म्हणाले, "काचेच्या सिरिंजची इंजेक्शनं घेतली असतील. त्या काळी एक सुई सगळ्या गल्लीला पुरायची."

आणि मग ते अंगण तिला दिसलं. तापाची साथ. घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवलेलं एक लाकडी टेबल, त्यावर स्टीलचा डबा, स्पिरिटचा दिवा, निळी ज्योत. कंपाउंडर घामेजलेला, पोरांची रांग लांबलचक. डबा एकदाच उकळला होता. पुढे प्रत्येक पोरानंतर तो सुई कापसाने पुसत होता आणि लगेच पुढचा दंड धरत होता. ती सहा वर्षांची. दादाच्या मागे उभी राहून त्याच्या सदऱ्याचं टोक दातात धरलेलं. पाळी जवळ आली तेव्हा तिने भोकाड पसरलं. दादाची पाळी आधीच झाली होती की व्हायची होती? तिने डोळे मिटून नीट बघायचा प्रयत्न केला. झाली नव्हती. तो मागे वळला, तिच्यापुढे वाकला आणि म्हणाला, "मी आधी घेतो. तू माझ्या तोंडाकडे बघ. दुखलं तर तोंड वाकडं होईल." आणि कंपाउंडरने सुई टोचली तेव्हा दादाने जीभ बाहेर काढून डोळे फिरवले, एवढे की ती रडता रडता हसली. तेवढ्यात सुई पुसली गेली आणि तिच्या दंडात शिरली.

"भावंडं?" डॉक्टर विचारत होते.

"एक भाऊ होता. गेला. लिव्हर आणि हृदय दोन्ही." तिचा आवाज तिलाच लांबून आला. "सगळे म्हणायचे दारू पितो. तो नाही म्हणायचा. बोलताना अडखळायचा. तोंडाला वास यायचा."

"कसला वास?"

"गोडसर. शिळा."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली आणला. "लिव्हर फार बिघडलं की तोंडाला तसा वास येतो," ते सावकाश म्हणाले. "डोकंही चालेनासं होतं, माणूस झोकांड्या खातो. बघणाऱ्याला वाटतं प्यायलाय. मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे खात्रीने बोलणार नाही. पण तुम्ही सांगताय त्यावरून... शक्यता बरीच आहे."

"आधी कळलं असतं तर वाचला असता?"

"ही औषधं तेव्हा नव्हती. इंजेक्शनं होती, महिनोन् महिने घ्यायची, आणि त्यांनी माणूस निम्मा व्हायचा. वाचले असते की नाही, कोण सांगणार." त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. "पण कळलं मात्र असतं."

कळलं मात्र असतं. हे तीन शब्द घेऊन ती घरी आली आणि पुढे कित्येक आठवडे ते तिच्याबरोबर उठत-बसत राहिले. त्याला वाचवण्याचा भार कुणी तिच्यावर टाकत नव्हतं. त्याच्यावर विश्वास ठेवायला मात्र कुठलं औषध लागत होतं? एकदा तो तिच्या दवाखान्यात आला होता. शेवटच्या वर्षी. वरच्या मजल्यावर, ओळीने मांडलेल्या खुर्च्यांच्या पलीकडे भिंतीला धरून उभा होता. तिने काचेतून बघितलं. बोलणं अडखळतंय हे तिला लांबूनच ऐकू आलं. लोकांनी काय ऐकलं, काय नाही ऐकलं हे ओळखण्याचा तर ती पगार घ्यायची. तिने काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, सांग बाई कामात आहेत. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. त्या वेळी बूथ रिकामा होता. तिच्यापुढे एकही पेशंट नव्हता.

औषध लगेच सुरू झालं नाही. लिव्हरच्या डॉक्टरांनी गोळ्यांची यादी बघितली आणि तिच्यासमोरच हृदयाच्या डॉक्टरला फोन लावला. ठोक्यांसाठी दिलेली गोळी आणि विषाणूची ही गोळी एकत्र आल्या तर हृदय धोकादायक मंदावू शकतं. "तुमची माझ्या पेशंटमध्ये लुडबुड आहे," ते फोनवर म्हणाले, "आणि माझी तुमच्या. आपण दोघांनी जरा जमवून घेऊ." ती गोळी बदलली, ती अंगातून उतरायला बरेच आठवडे थांबले, आणि नवी सुरू केली तेव्हा पहिले दोन दिवस तिला वॉर्डात ठोक्यांच्या मशीनला जोडून ठेवलं. शेजारच्या खाटेवरची बाई मशीनकडे बघून म्हणाली, "तुमचं माझ्यापेक्षा नीट चाललंय." मग रोज एक गोळी, बारा आठवडे. डोकं दुखायचं, दुपारी थकवा यायचा, आणखी काही नाही. ती इतकी साधी, फिकट गोळी होती की पाण्याबरोबर गिळताना कधीकधी तिला दादाचा भयंकर राग यायचा, मग कंपाउंडरचा, मग स्वतःचा, आणि गोळी खाली गेलेली असायची.

पाचव्या आठवड्यात ती वहिनीकडे गेली. फोन करून जावं असं नवरा म्हणाला. तिने फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर वहिनी 'कामात आहे' म्हणाली असती तर तिच्याकडे बोलायला तोंड नसतं. वहिनी घरी पडदे शिवायची. दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि ओठांत दोन टाचण्या. तिने टाचण्या काढल्या. "वन्सं? तुम्ही?" एवढंच म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

खोलीभर हिरवट कापड पसरलेलं होतं. बसायला एकच खुर्ची मोकळी. ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिने सांगितलं. तालीम करून आलेली वाक्यं विसरली आणि भलतीकडूनच सुरुवात केली, कंपाउंडरच्या डब्यापासून. मग स्वतःचं हृदय, विषाणू, वास. "वहिनी, तो पीत नव्हता," ती म्हणाली. "तो खरं सांगत होता. आणि त्या दिवशी मी जे बोलले ते तू ऐकलंस, हे मला माहीत आहे. अकरा वर्षं माहीत आहे."

वहिनी कापडाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "त्याला खोकल्याच्या औषधाने चढायची," ती शेवटी म्हणाली. "लग्नानंतर एकदा दोन चमचे दिले तर खाटेवर बसून तासभर मला लिफ्टच्या मोटरविषयी सांगत होता. असला माणूस काय पिणार." मग तिचा आवाज बदलला. "तुमचं काय घेऊन बसलात. मी रोज संध्याकाळी दार उघडलं की आधी त्याचा वास घ्यायचे. नवरा दमून आलाय हे बघायच्या आधी वास. मला दारूचा वास तरी कुठे माहीत होता? लोक म्हणाले म्हणून वाटलं, हाच असेल."

ती आत गेली आणि एक जुनी फाइल घेऊन आली. त्यात एक पत्र होतं, रक्तपेढीचं. कंपनीने घरी बसवायच्या जरा आधी कामावरचा एक सोबती उंचावरून पडला, तेव्हा दादा रक्त द्यायला गेला होता. तुमचं रक्त वापरता येत नाही, तपासणीत हिपॅटायटिस सी आढळला आहे, कृपया येऊन भेटावं. चार ओळी, खाली शिक्का. "त्याला काही समजलं नाही. मला त्याहून नाही. म्हणाला, पिटूला दाखवतो, ती दवाखान्यात असते. संध्याकाळी परत आला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ती कामात होती. पुन्हा जाईन. मग आजारच बळावला."

हातातलं पत्र जड होत गेलं. इथे गप्प बसता आलं असतं. वहिनीला खरं काय ते माहीत नव्हतं, कधी कळलंही नसतं. तिच्या छातीत तो ओळखीचा खंड पडला, मग दोन घाईचे ठोके. "मी कामात नव्हते," ती म्हणाली. "रिकामी बसले होते. काचेतून त्याला बघितलं आणि कामात आहे म्हणून सांगायला लावलं."

वहिनीने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं हे तिला नंतरही नेमकं सांगता आलं नसतं. माफी नव्हती, पण दार लावून घेणंही नव्हतं. रस्त्यावरून एक मालट्रक कर्कश हॉर्न वाजवत गेला, खिडकीची काच थरथरली. मग वहिनीने शिवलेल्या पडद्याचं एक टोक उचललं आणि दुसरं तिच्यापुढे केलं. "धरा. एकटीला घडी घालता येत नाही याची." दोघी खोलीच्या दोन टोकांना गेल्या, कापड ताणलं, झटकलं, आणि एकमेकींकडे चालत आल्या. टोकं जुळवताना वहिनीची बोटं तिच्या बोटांना लागली. तेव्हा तिला, त्या रोगाचं नाव कळल्यापासून पहिल्यांदाच, हात मागे घ्यावासा वाटला नाही. पुन्हा लांब जायचं, पुन्हा जवळ यायचं. असे सहा पडदे होते. पाचव्याला वहिनी रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "कडा नीट जुळवा हो, गिऱ्हाईक किरकिऱ्या आहे."

भाची ड्युटी संपवून आली तेव्हा दोघी जमिनीवर बसून चहा पीत होत्या. भाची शहर बस चालवायची. दादाचीच रुंद मनगटं, दादाचीच भुवई. तिने दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि टोपी खुंटीला अडकवली. "आज सिग्नल सगळे हिरवे कसे काय मिळाले, तेच म्हणत होते मी," ती म्हणाली. पत्र तिने उभ्यानेच वाचलं, दोनदा. तिला आयुष्यभर लोकांनी कीव करून सांगितलं होतं, बापावर जाऊ नकोस. तिने खुंटीवरची टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली आणि दोघींशेजारी बसली.

बापाकडून मुलीला हा विषाणू सहसा येत नाही, पण एकदा बघून टाका, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून पुढच्या आठवड्यात मायलेकी रक्त द्यायला गेल्या. तीही बरोबर गेली. नर्सने भाचीला विचारलं, वडील कशाने गेले? "हिपॅटायटिस सी," भाची म्हणाली, एरवी बसमध्ये मागपर्यंत ऐकू जावं म्हणून लावायची तेवढ्या आवाजात. "त्यातून हृदय गेलं. ते पीत नव्हते."

"पिण्याचं मी विचारलंच नाही," नर्स म्हणाली.

"मला सांगायचं होतं."

रांगेतल्या दोघांनी मान वळवून बघितलं. वहिनीने पदर सावरला आणि त्यांच्याकडे सरळ बघितलं.

बारा आठवडे संपले. त्यानंतर आणखी बारा आठवड्यांनी रक्त तपासलं तेव्हा विषाणू सापडला नाही. लिव्हरच्या डॉक्टरांनी तिच्याशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं आणि दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायची ताकीद दिली. हृदयाच्या डॉक्टरने पुन्हा तो करडा पडदा वळवला. बावन्न टक्के. "विषाणू गेला त्याचा वाटा किती, माझ्या गोळ्यांचा किती, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही," ती म्हणाली, "पण मला काय, दोन्हीचं श्रेय चालेल." गोळ्या चालूच राहणार होत्या, मीठ कमीच राहणार होतं, कधीमधी एखादा ठोका अजून निसटत होता. ताठ झालेलं लिव्हर पुरतं मऊ होईल की नाही हेही कुणी सांगत नव्हतं. पण जिन्याच्या वळणावर ती आता खरोखरच खिडकीतून रस्ता बघायला थांबायची, बघावासा वाटला तर.

वहिनी आणि भाची, दोघींच्या रक्तात काहीच निघालं नव्हतं. हे सांगायला रिपोर्ट आले त्या दिवशी भाचीचाच फोन आला होता, आणि त्यानंतर तो दर रविवारी सकाळी येऊ लागला. सुरुवातीला हवापाणी, बसमधले नमुने. मग एका रविवारी भाची जरा अडखळली आणि म्हणाली, "आत्या, बाबांचं काहीतरी सांग ना. आजाराचं नको. त्याच्या आधीचं. ते गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते, मला नुसतं त्यांचं फुगलेलं पोट आठवतं."

ती खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली. इतक्या वर्षांत दादाचं आजारपणाआधीचं काही आठवायची तिने स्वतःला परवानगीच दिली नव्हती, आणि आता आठवायला गेल्यावर ते सगळं जागच्या जागी होतं, धूळसुद्धा न बसलेलं.

"तुझ्या बापाने पहिली लिफ्ट केली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता," ती म्हणाली. "बुटांचं खोकं, पडद्याची दोरी आणि शिवणयंत्राचं मोडकं चाक. आमच्या खिडकीतून खाली अंगणात सोडायचा. मला गोवर आला होता, बाहेर जायची बंदी, म्हणून खालची पोरं मला काय काय पाठवायची. दगड, पानं, चिठ्ठ्या. आणि पहिला जिवंत प्रवासी कोण होता माहीत आहे?"

"कोण?"

"घरमालकांचं मांजर. अर्ध्या वाटेत अडकलं. घरमालक खाली आरामखुर्चीत पेपर वाचत होते."

"मग?" हा आवाज भाचीचा नव्हता. फोन स्पीकरवर लावलेला होता, आणि पलीकडे शिवणयंत्र थांबलं होतं. "मला हे कधी बोलला नाही तो," वहिनी म्हणाली. "मग काय झालं, वन्सं?"

"सांगते," ती म्हणाली, आणि आधीच हसायला लागली होती. "सगळं सांगते. नीट बसा दोघी."